नव्या ग्राफिक्स कार्डांचे फुटलेले आकडे वाचताना या चुका टाळा

नवी पिढी जवळ आली की आकडे फुटायला लागतात. अमुक इतके कोअर (म्हणजे गणितं करणारे छोटे भाग), तमुक जीबी मेमरी. गंमत म्हणजे आकडा खरा निघाला तरी त्यावरून बांधलेला अंदाज बरेचदा फसतो.

पहिली चूक म्हणजे दोन पिढ्यांचे कोअर एकाच तागडीत तोलणं. २०२० मध्ये एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड यायच्या आधी ४३५२ कोअरची चर्चा होती. एनव्हिडियाने जाहीर केले ८७०४, बरोब्बर दुप्पट. आधीच्या पिढीच्या २०८० टीआय कार्डात ४३५२ होते, मग वेगही दुप्पट झाला का? छे. फोरके रिझोल्यूशनला तो साधारण तीस टक्क्यांनी वाढला. आधी जो भाग फक्त पूर्णांकांची गणितं करायचा, त्यालाच अपूर्णांकांचीही गणितं करता येऊ लागली आणि तोही मोजणीत धरला गेला. पूर्णांकांचं काम आलं की तो पुन्हा तिकडे जुंपला जातो.

मेमरीच्या बाबतीत मात्र अफवा घरबसल्या तपासता येते. मेमरीची एक चिप ३२ बिट रुंदी घेते. २५६ बिटची बस (मेमरी आणि प्रोसेसर यांना जोडणारा मार्ग) म्हटली की आठ चिपा. दोन जीबीची एक धरली तर १६ जीबी, तीन जीबीची धरली तर २४. पाठीमागेही चिपा लावल्या तर दुप्पट. आता कुणी ‘२५६ बिट, २० जीबी’ असं सांगितलं, तर दोनपैकी एक आकडा चुकलेला आहे असं मी तरी धरून चालतो. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा ये-जा करतो तेही असंच काढा: बसची रुंदी गुणिले चिपेचा वेग (गिगाबिट प्रति सेकंदात), भागिले आठ. ५०८० चं उदाहरण घ्या, २५६ × ३० ÷ ८ = ९६० जीबी प्रति सेकंद.

पण तेवढ्यावरही निकाल देऊ नका. ३०६० टीआयची बँडविड्थ ४४८ होती, ४०६० टीआयची २८८. तरी टेन-एटीपी (१०८०पी) रिझोल्यूशनला नवं कार्ड मागे पडलं नाही, कारण एल-टू कॅश, म्हणजे चिपेतलीच छोटी पण वेगवान मेमरी, ४ एमबीवरून ३२ एमबी झाली होती. रिझोल्यूशन वाढवलं की ती कॅश अपुरी पडते आणि अरुंद बस जाणवायला लागते.

नावावर तर अजिबात जाऊ नका. २०२२ मध्ये जाहीर झालेलं १२ जीबीचं ४०८० बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं गेलं आणि पुढच्या जानेवारीत ४०७० टीआय म्हणून आलं. कंपनीच्या आलेखातही बारीक अक्षरं वाचा. फ्रेम जनरेशन (मधले फ्रेम अंदाजाने तयार करणं) चालू ठेवून मिळालेले फ्रेम आणि कार्डाने खरोखर रंगवलेले फ्रेम यांत फरक असतो.

अफवेतले वॅट पाहून आधीच पॉवर सप्लाय घेऊन ठेवणारेही असतात. अंतिम आकडा आणि कनेक्टर कळेपर्यंत थांबा. तोवर कॅबिनेट मोजा. मी एकदा रिकामं कॅबिनेट मोजलं आणि पुढच्या पंख्याची २५ मिलिमीटर जाडी विसरलो. पंखा काढूनच कार्ड बसवावं लागलं!

कार्ड हाती आल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून आकडे जुळवा. २०२५ मध्ये काही ५०९० कार्डांत १७६ ऐवजी १६८ आरओपी (चित्राचे अंतिम पिक्सेल लिहिणारे भाग) निघाले. ती कार्डं बदलून मिळाली, पण ज्यांनी आरओपी मोजले त्यांनाच.