आलेख सरळ, तारे मात्र लांबट: ऑटोगायडिंग करताना या चुका टाळा

पाच मिनिटांचं एक्स्पोजर संपतं, आपण फोटो मोठा करून बघतो आणि तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आलेले असतात. शेजारी लॅपटॉपवर पीएचडी२ या ऑटोगायडिंग सॉफ्टवेअरचा आलेख मात्र अगदी सरळ. ऑटोगायडिंग म्हणजे टेलिस्कोपवर बसवलेल्या छोट्या गाइडस्कोपमधला गाइड कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तो हलला की सॉफ्टवेअर माउंटला, म्हणजे टेलिस्कोप फिरवणाऱ्या यंत्राला, तेवढी दुरुस्ती करायला लावतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या कितीतरी रात्री याच कोड्यात गेल्या. आलेख फक्त गाइड कॅमेऱ्याला काय दिसतंय तेवढंच सांगतो, हे कळायला मला फार उशीर लागला. मुख्य कॅमेऱ्यात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

पहिला संशय हॉट पिक्सेलवर घ्या. बहुतेक गाइड कॅमेऱ्यांना कूलिंग नसतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या रात्री उबदारच असतात. तापलेल्या सेन्सरवर पांढरे ठिपके उमटतात आणि सॉफ्टवेअर त्यातलाच एखादा तारा समजून धरून बसतं. ठिपका जागचा हलत नाही, म्हणून आलेख सरळ. कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे माउंट थोडं हलवून तारा किती सरकतो ते सॉफ्टवेअर मोजतं तेव्हा, असा ठिपका धरला गेला तर तारा पुरेसा हलला नाही असा इशारा तरी मिळतो. जुनंच कॅलिब्रेशन वापरत असाल तर तोही मिळत नाही. म्हणून ताऱ्याच्या प्रकाशाचा आकार दाखवणारी स्टार प्रोफाइलची खिडकी उघडी ठेवा. खऱ्या ताऱ्याचा आकार टेकडीसारखा पसरलेला दिसतो, हॉट पिक्सेलचा सुईसारखा. गाइडस्कोपवर झाकण लावून डार्क लायब्ररी (हे ठिपके वजा करण्यासाठी घेतलेले काळे फोटो) करून घ्या आणि ऋतू बदलला की नव्याने करा. डिसेंबरच्या थंडीत घेतलेले डार्क मे महिन्यात उपयोगाचे नाहीत.

ठिपका नाही, तारा खराच आहे, तरीही फोटो बिघडतोय? मग गाइडस्कोप आणि मुख्य टेलिस्कोप एकमेकांच्या तुलनेत हलत असणार. फाइंडर दुर्बिणीच्या खाचेत एका स्क्रूवर बसवलेला गाइडस्कोप हाताला घट्ट लागतो, पण टेलिस्कोप पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताना त्याचा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि तो केसभर सरकतो. तेवढं पुरतं. एकेक मिनिटाचे वीस फोटो घ्या आणि भराभर पुढे सरकवून बघा. सगळे तारे एकाच दिशेने, एकाच गतीने सरकत असतील तर दोष इथेच आहे. गाइडस्कोप दोन रिंगांमध्ये आवळून बसवा आणि लोंबणारी केबल टेलिस्कोपलाच बांधून टाका.

तिसरी चूक आकड्यांची आहे. गाइडस्कोपची फोकल लेंथ विचारलेल्या रकान्यात अनेकजण मुख्य टेलिस्कोपची भरतात. १२० मिमीचा गाइडस्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ६.४ विकला, म्हणजे आर्कसेकंद, मावतात. (पिक्सेलच्या आकाराला २०६.२६५ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा.) तिथे १२० ऐवजी ४०० भरलंत, तर खरी चूक २ विकलांची असताना पडद्यावर ०.६ दिसेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल.

कॅलिब्रेशन कुठे करता यालाही फार महत्त्व आहे. खगोलीय ध्रुवाजवळ केलं तर विषुवांशाच्या (आरए) अक्षावरची, म्हणजे पूर्व-पश्चिम, हालचाल इतकी तोकडी दिसते की मोजमापच चुकतं. खगोलीय विषुववृत्ताजवळ, याम्योत्तर वृत्ताच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) आसपास करा. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचे तीन तारे माथ्याशी आले की याहून चांगली जागा नाही. कॅमेऱ्यातून माउंटला जाणारी एसटी-४ केबल वापरत असाल तर टेलिस्कोप कुठे रोखलाय हे सॉफ्टवेअरला कळत नाही. अशा वेळी आकाशाच्या दुसऱ्या भागात गेलात की पुन्हा कॅलिब्रेट करा. माउंट थेट लॅपटॉपला जोडता येत असेल तर तेच करा.

गाइड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अर्धा सेकंद ठेवू नका. तेवढ्यात हवेच्या थरथरीने तारा इकडेतिकडे नाचतो आणि माउंट त्या थरथरीमागे धावत बसतं. दोन ते तीन सेकंदांपासून सुरुवात करा.

पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं) कच्ची असली तरी गायडिंग सांभाळून घेईल, ही समजूतही सोडा. गाइड तारा जागेवर राहतो, पण त्याच्याभोवती फोटोची चौकट हळूहळू फिरते आणि कोपऱ्यातले तारे कमानीसारखे येतात. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. त्यामुळे उत्तरेला इमारत किंवा डोंगर नसलेली जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवा. एवढ्या कमी अक्षांशावर काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकू शकतो, तेही अंधार पडण्याआधी फिरवून तपासा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्यरात्रीनंतर एसएनआरचा (गाइड ताऱ्याचा सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराचा) आकडा हळूहळू उतरायला लागला, तर सेटिंगला हात लावू नका. एक्स्पोजर थांबवा, लाल टॉर्च घ्या आणि गाइडस्कोपची काच बघा. बहुतेक वेळा तिच्यावर दव साचलेलं असतं. ते कापडाने पुसू नका, ड्यू हीटरची पट्टी गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबा.