आवडती फँटसी सिरीज संपली, आता पुढचं पुस्तक कसं शोधायचं?

मागच्या पावसाळ्यात डिचोलीला घरी लाईट गेलेली, सोप्यावर बसून टॉर्चच्या उजेडात मी एक भलीमोठी सिरीज संपवली आणि पुढच्या आठवड्याभरात चार नवी पुस्तकं वीस-वीस पानांवर सोडून दिली. पुस्तकं वाईट नव्हती, पण मी प्रत्येकात तीच जुनी माणसं शोधत होते, मग नवं पुस्तक बिचारं काय करणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे थोडं थांबा. आठ-दहा दिवस फँटसी नको, प्रवासवर्णन वाचा, कथासंग्रह वाचा, काहीही चालेल.

मग संपलेली सिरीज परत हातात घ्या, आणि ही पायरी अजिबात चुकवू नका, कारण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. तुम्ही कुठली पानं परत परत वाचलीत ते आठवा आणि वहीत लिहून काढा, सिरीज का आवडली ते नाही लिहायचं, फक्त पानं. माझ्या वहीत तीन ओळी आल्या. सगळे शेकोटीजवळ बसून जेवतात ते पान, नकाशात उत्तरेला काहीच न लिहिलेली जागा, आणि म्हातारी जादूगारीण आपलं खरं नाव सांगायला नकार देते तो सीन. लढाई एकही नाही! आणि दुकानात जाऊन मी मागत होते मोठ्या लढाया असलेलं पुस्तक.

ती यादी हातात असली की शोध सोपा होतो. जादूचे नियम, नावांची ताकद असलं आवडत असेल तर उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या, १९६८ चं छोटंसं पुस्तक आहे, आणि तिथली जादू वस्तूचं खरं नाव माहीत असण्यावरच चालते. (माझ्या तिसऱ्या ओळीला हेच पुस्तक लागू पडलं, दोन दिवसांत संपवलं.) गप्पा, विनोद, बोलकी पात्रं हवी असतील तर टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डमध्ये ४१ कादंबऱ्या आहेत आणि क्रमाने वाचायची सक्ती नाही, मधूनच सुरुवात केली तरी चालतं. आणि एकाच जगात महिनोन्‌महिने राहायचं असेल तर रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम', मुख्य खंड १४. जॉर्डन २००७ मध्ये गेले, शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले आणि २०१३ मध्ये सिरीज पूर्ण झाली.

याहून चांगला मार्ग म्हणजे तुमच्या लेखकाने स्वतः काय वाचलं होतं ते बघणं, कारण लेखक मुलाखतीत, प्रस्तावनेत हे बहुतेक वेळा मोकळेपणाने सांगतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन यांच्या सिरीजचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि वाचक सहाव्याची वाट बघत बसलेत, पण त्याच मार्टिननी टॅड विल्यम्स यांच्या 'द ड्रॅगनबोन चेअर'पासून सुरू होणाऱ्या मालिकेचं ऋण सांगितलंय, आणि ती मालिका पूर्ण झालेली आहे. नार्नियावाले सी. एस. लुइस जॉर्ज मॅकडोनाल्ड यांच्या 'फँटॅस्टिस'बद्दल भरभरून बोलायचे, ते १८५८ चं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं.

पुरस्कारांच्या याद्याही बघा, वर्ल्ड फँटसी अवॉर्ड १९७५ पासून आहे, फक्त विजेत्यांवर थांबू नका, नामांकनाची यादी जास्त कामाची असते.

आता पुस्तक मिळवायचं कुठून. पणजीला पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, जी १८३२ साली सुरू झाली, तिथे एक सकाळ काढा. डिचोली, साखळी, फोंड्याहून कदंबाने आलात तर बस स्टँडपासून चालत जाता येतं. फँटसीसाठी वेगळं कपाट असेलच असं कुठल्याही लायब्ररीत धरून चालू नका. जिथे ड्युईचे नंबर (पुस्तकं विषयावार लावायची आकड्यांची पद्धत) लावतात तिथे ब्रिटिश कादंबऱ्या ८२३ खाली आणि अमेरिकन ८१३ खाली असतात, म्हणजे प्रॅचेट एकीकडे आणि ले ग्विन भलतीकडे. आपली मराठी कादंबरी ८९१.४६३. काउंटरवर 'फँटसी आहे का' असं मोघम विचारू नका, लेखकाचं आडनाव सांगा, नाहीतर वहीतली ती ओळच वाचून दाखवा.

त्या मराठी कपाटापाशी जरा थांबाच. नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी शंभर वर्षांहून जुनी आहे, भाषा पहिली काही पानं जड जाते, मग मात्र सोडवत नाही. भीतीची बाजू आवडत असेल तर नारायण धारप. आणि आपल्याकडे गोव्यात तर देवचार, म्हणजे गावाची राखण करणारा अदृश्य पुरुष, रात्री गावाच्या शिवेवर काठी घेऊन फिरतो, राखणदाराला रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) दिला जातो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, ते लोकसाहित्याच्या पुस्तकांत शोधा. परदेशी सिरीजमध्ये जंगलाचा रक्षक आवडला असेल ना, तर इथेही नक्की रमाल.

पुस्तक मिळालं की घरी नेण्याआधी दोन गोष्टी बघा. सिरीज पूर्ण आहे का, आणि हातातला भाग पहिलाच आहे का, कारण कव्हरवर तिसरा भाग असं दरवेळी ठळक लिहिलेलं नसतं, कधी कधी आतलं पान उघडूनच कळतं. मग तिथेच उभं राहून पहिलं प्रकरण वाचा, ई-बुक असेल तर फुकट सँपल उतरवा.

घरी आल्यावर ५० पानं द्या, निदान. नव्या जगातली नावं, गावं, राजघराणी डोक्यात बसायला तेवढा वेळ लागतोच, आणि आधीच्या सिरीजलाही तुम्ही तो दिला होता, आता आठवत नाही एवढंच. ५० नंतरही मन लागलं नाही तर खुशाल परत करा, आणि वहीत त्या पुस्तकापुढे कुठल्या पानावर कंटाळा आला ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी लायब्ररीत जाताना ती ओळही सोबत न्या.