एल पासोच्या वस्तीत हक्कांची मीटिंग घ्यायची तर काय काय तयारी लागते

टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोच्या पूर्वेला मॉन्टाना व्हिस्टा, स्पार्क्स अशा ज्या वस्त्या आहेत, इथे त्यांना कोलोनिया म्हणतात, तिथे इमिग्रेशनवाले दारात आले तर आपले हक्क काय हे स्थलांतरितांना शिकवणाऱ्या मीटिंगला मदत करायचीय म्हणून आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतायत, त्यात यूटेपला, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, शिकणारी पोरंही आहेत, म्हणून प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळी तयारी एकदाच लिहून ठेवते. लांबलचक झालंय पण पूर्ण वाचा, कारण यात हयगय झाली तर त्रास आपल्याला नाही, जिच्या घरी मीटिंग असते त्या बाईला होतो.

पहिलं काम म्हणजे घर मिळवणं. हॉल नको, लायब्ररी नको, सरकारी इमारत तर नकोच, वस्तीतल्याच कुणाची तरी पुढची खोली हवी. बॉर्डर नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स ही इथली संघटना १९९८ पासून याच पद्धतीने काम करतेय, वस्तीतल्याच लोकांची समिती आणि वस्तीतलीच शिकून तयार झालेली बाई, तिला प्रोमोतोरा म्हणतात, ती बोलणार. हळदीकुंकवाला जशा शेजारणी एकमेकींना घेऊन येतात तसे लोक येतात, पत्रक वाचून कुणी येत नाही. चर्चची जागा आपल्याला सोयीची वाटते, पण शाळा, चर्च, हॉस्पिटल अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळायचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये सरकारने रद्द केलं, तेव्हापासून लोक तिथेही बिचकतात. तेव्हा जागा आणि वेळ यजमानीणबाईंनाच ठरवू द्या, बहुतेक वेळा रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाल्यावर किंवा कामावरून येऊन जेवणं उरकल्यावरच जमतं. आणि हो, बोलणार ती प्रोमोतोरा, आपण नाही. आपण खुर्च्या आणायच्या, प्रिंट काढायच्या, कॉफी आणि पान दुल्से, म्हणजे गोड पाव, न्यायचं, पोरं सांभाळायची. पोरांसाठी वेगळी खोली आणि रंगीत खडू आधीच ठेवा, आणि स्पॅनिशचं भाषांतर करायला पोरांना अजिबात बसवू नका, आईला नेलं तर काय हा विषय आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून वदवून घ्यायचा नसतो.

नावं लिहायची वही नेऊ नका. कुणाकडे इथे राहायचे कागद आहेत, कुणाकडे नाहीत हे विचारायचं नाही, कुणी आपणहून सांगितलं तरी टिपून ठेवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायला तर मुळीच नाही. ही उगाचची भीती नाही. अनन्सिएशन हाऊस हा इथला १९७८ पासूनचा आसरा, किती स्थलांतरितांना त्यांनी जेवू घातलंय, त्यांच्याकडेसुद्धा फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या अॅटर्नी जनरलच्या ऑफिसने कागदपत्रं मागितली आणि प्रकरण पार राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जी यादी केलीच नाही ती कुणाच्या हातात पडत नाही.

आता प्रिंटा. वॉरंटचे दोन नमुने मोठ्या अक्षरात काढा, सगळ्यांना हातात धरून बघता येतील एवढे. एक आय-२०० किंवा आय-२०५, हे इमिग्रेशन खात्याचेच अधिकारी सही करून काढतात, दुसरं कोर्टाचं, त्यावर कोर्टाचं नाव आणि न्यायाधीशाची सही असते, पत्ता असतो. दार उघडायला लावणारा कागद कोर्टाचा, खात्याचा नाही, हा फरक लोकांच्या नजरेला बसला पाहिजे, नुसता ऐकून उपयोग नाही. सीमेपासून २५ मैलांच्या आत बॉर्डर पेट्रोलला, म्हणजे हिरव्या ड्रेसच्या सीमा पोलिसांना, वॉरंटशिवाय खासगी जमिनीवर फिरता येतं पण राहत्या घरात शिरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि या वस्त्या सगळ्या त्या पट्ट्यातच येतात, म्हणून अंगण आणि उंबरठा यातला फरक इथे फार महत्त्वाचा.

सगळ्यात जास्त वेळ दाराच्या सरावाला ठेवा. हा भाग घाईत उरकला तर बाकी सगळं कागदावरच राहतं. एकाने अधिकारी बनून बाहेर उभं राहून जोरात दार वाजवायचं, आतल्याने बोलायचं. बघा तुम्ही, वयस्कर बायका पहिल्यांदा हमखास दार उघडतात, कारण कुणी आलं की दार उघडायचं ही हाताची सवय झालेली असते, आणि दार बंद ठेवून बोलणं त्यांना उद्धटपणा वाटतो. एक आजी होत्या, कडीवर हात गेला की दुसऱ्या हाताने तो मागे ओढायच्या, आणि मग दाराला जवळजवळ ओठ लावून म्हणायच्या की कागद दाराखालून सरकवा. असं पुन्हा पुन्हा करून घ्या, आवाज स्थिर होईपर्यंत. त्यातच पुढची वाक्यं येऊ द्या, मी आत यायला परवानगी देत नाही, मला वकिलाशी बोलायचंय, मी वकिलाशिवाय सही करणार नाही. आणि हेही तितकंच ठासून सांगा की ते तरीही आत घुसले तर आडवं जायचं नाही, पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही, खोटा कागद दाखवायचा नाही, परवानगी देत नाही एवढं मोठ्याने म्हणायचं आणि कोण होते, कपडे कसले, गाडी कुठली हे लक्षात ठेवायचं.

मग घरची फाइल. प्रत्येक कुटुंबाला एक एक जाड फोल्डर द्या आणि त्यात काय घालायचं ते तिथेच बोला: पोरांचे जन्मदाखले, पासपोर्ट, लसीचे आणि शाळेचे कागद, औषधांची नावं, घरभाड्याचे आणि टॅक्सचे कागद, इमिग्रेशन खात्याने फाइलला दिलेला ए-नंबर कुणाला मिळालेला असेल तर तो. आईबाप दोघंही नेले गेले तर पोरं कुणाकडे, हा प्रश्न कुणालाच काढायचा नसतो, पण तो काढावाच लागतो. टेक्सासमध्ये आईबापांशिवाय दुसऱ्या मोठ्या माणसाला शाळा-दवाखान्याचे निर्णय घेऊ देणारा २६३८ नंबरचा फॉर्म आहे, तो न्या, नोटरी लागते. नोटरीवरून एक सांगायलाच हवं, मेक्सिकोत नोटारिओ म्हणजे बडा वकील, इथला नोटरी फक्त सही-शिक्क्यापुरता, आणि याच गैरसमजावर लोकांना लुबाडणारे बसलेले आहेत. दोन फोन नंबर पाठ करून घ्या, कारण धरल्यावर मोबाइल पहिला काढून घेतात.

वकिलाचं आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी नाही. इमिग्रेशन कोर्टात वकील करायचा हक्क आहे पण सरकार तो पुरवत नाही, पैसे आपले. लास अमेरिकास आणि एस्त्रेया देल पासो या इथल्या दोन संस्था कमी उत्पन्नवाल्यांच्या केसेस बघतात, त्यांचे नंबर फोल्डरच्या आतल्या बाजूला चिकटवा. माणूस सापडत नसेल तर आयसीईच्या, म्हणजे धरपकड करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या, लोकेटर वेबसाइटवर ए-नंबर आणि जन्मदेश टाकून शोधता येतं, नंबर नसेल तर नावाचं स्पेलिंग तंतोतंत लागतं, दोन आडनावांची माणसं तिथेच हरवतात. मॉन्टाना अव्हेन्यूवरचं डिटेन्शन सेंटर जुनं, आणि ऑगस्ट २०२५ पासून फोर्ट ब्लिसवर तंबूंचा मोठा कॅम्पही सुरू झालाय.

व्हॉट्सअॅपवरच्या अफवांचं थोडक्यात. हिरव्या ड्रेसवाला कुणीही दिसला की मेसेज फिरतो आणि आख्खी वस्ती कामावर जात नाही, मजुरी बुडते. म्हणून नियम ठरवा: किती जण, कुठे, किती वाजता, कपडे कसले, काय करत होते, स्वतः बघितलं का. एवढं नसेल तर पुढे पाठवायचं नाही.

आता आपल्यासाठी, म्हणजे व्हिसावर असलेल्यांसाठी. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपले नोंदणीचे कागद जवळ बाळगायचे असा कायदा आहे, तेव्हा आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रिंट, पासपोर्ट, विद्यार्थी असाल तर कॉलेजने दिलेला आय-२० गाडीत असू द्या. व्हाइट सँड्स बघून परत येताना यूएस ७० वर बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतंच, पूर्वेला सिएरा ब्लांकाला आय-१० वर लागतं, १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ही चेकपोस्ट मान्य केलीत. आपण तिथे दोन मिनिटांत सुटतो, पण कोलोनियातली कितीतरी माणसं या चेकपोस्टांमुळे वर्षानुवर्षं एल पासोच्या बाहेर गेलेली नाहीत, पोटच्या पोराचं ऑपरेशन सॅन अँटोनियोला असलं तरी. त्यांना गाडीत घालून चेकपोस्टपलीकडे नेण्याचं मनात आणू नका, त्यांच्यावर आणि तुमच्यावरही फौजदारी येऊ शकते. आणि कायद्याचा सल्ला देऊ नका, तुम्ही कितीही वाचलेलं असू दे.

हे प्रकरण आपल्यापासून लांबचं नाही हेही मंडळींना सांगा. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला जे १०४ भारतीय परत पाठवले त्यात तीन महाराष्ट्रातले होते.

शेवटचा भाग कायदा बदलायच्या मागण्यांचा, आणि तो दाराच्या सरावानंतरच घ्या, ज्या बाईला दारातून बोलता येतं तीच पुढे खासदाराच्या ऑफिसात बोलते. कायद्याची बातमी एवढीच सांगा जेवढी खरी आहे. १९८६ च्या कायद्याने २७ लाखांच्या आसपास लोकांना कागद मिळाले, त्यानंतर तेवढं मोठं काहीच झालं नाही, २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ ने तसलं बिल पास केलं पण हाऊसमध्ये त्यावर मतदानच झालं नाही. रजिस्ट्रीची एक साधी मागणी लोकांना लगेच कळते: १ जानेवारी १९७२ च्या आधीपासून जो इथे सलग राहतोय त्याला ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो, ही तारीख १९८६ पासून हललेलीच नाही, ती पुढे आणा. कायदा झालाच असं समजून कुणी फॉर्म भरायचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, हे त्याच दमात सांगा. ऑफिसला जाताना दोघी-तिघीच न्या, प्रत्येकीने दोन मिनिटांत एकच गोष्ट सांगायची, मोठ्या माणसांतला चांगला दुभाषी बरोबर हवा, काय सांगायचं आणि काय नाही हे आधी वकिलाला विचारून, आणि ऑफिसमधल्या माणसाने काय करतो म्हणून सांगितलं, कधीपर्यंत, ते त्याच्यासमोर लिहून घ्यायचं आणि परत फोन कोण करणार ते जिन्यातच ठरवायचं.