एका सत्रासाठी परदेशी जायचे असेल तर : कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

परदेशातील विद्यापीठात एका सत्रापुरते शिकायला जाण्याचा विचार मनात आला, की कोल्हापुरातला विद्यार्थी आधी खर्च विचारतो आणि मग थंडी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण जर्मनीत एक हिवाळी सत्र काढून आल्यावर माझे मत असे झाले आहे, की पहिला प्रश्न वेगळाच हवा. तिथे उत्तीर्ण केलेले विषय इथल्या पदवीत धरले जातील का, आणि तसे कोणी लिहून दिले आहे का? एक्स्चेंजमध्ये पदवी इथलीच मिळते, प्रवेशही इथलाच राहतो आणि दोन विद्यापीठांत करार असल्यास शिक्षणशुल्कही बहुधा इथेच भरायचे असते. परतल्यावर त्या सत्राची जागा गुणपत्रिकेत रिकामी राहिली, तर एवढ्या खटाटोपाला गालबोट लागते.

म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून करावी. आपले विषम सत्र साधारणपणे जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षांनी संपते, आणि सम सत्र उन्हाळ्यापर्यंत चालते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असते. त्यातल्या तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे एक पाय आपल्या विषम सत्रात, तर दुसरा सम सत्रात. याउलट स्वीडनचे वसंत सत्र जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत असल्यामुळे आपल्या सम सत्राशी बरेच जुळते. विद्यापीठाच्या नावाला भुलण्याआधी ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत, आणि तारखा आडव्या येत असतील तर बुडणाऱ्या परीक्षेचे काय करायचे हे विभागप्रमुखांकडून अर्ज भरण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’सारख्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेत यासाठी ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा कागद असतो. तिथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे त्यात मांडलेले असते. त्यावर विद्यार्थ्याची आणि दोन्ही विद्यापीठांची सही लागते. इथे घाई करू नये. युरोपीय पद्धतीत एका सत्राचे 30 आणि वर्षाचे 60 क्रेडिट धरतात, आणि एका क्रेडिटमागे घरच्या अभ्यासासह 25 ते 30 तासांचे काम अपेक्षित असते. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तासिका. त्यामुळे आकड्याला आकडा जुळवण्यापेक्षा दोन्ही अभ्यासक्रमांच्या छापील प्रती घेऊन सरांसमोर बसावे आणि घटकांवर पेन्सिलने खुणा करत जावे. मी हे केले तेव्हा तिथल्या सहा क्रेडिटच्या एका विषयात आमच्या चार क्रेडिटचा अख्खा पेपर बसतो, हे सरांना दहा मिनिटांत पटले. नुसत्या विषयाच्या नावावरून ते पटले नसते.

चूक पुढे झाली, आणि ती माझीच होती. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा एक विषय पुरेसे विद्यार्थी नसल्याने रद्द झाला. मी दुसरा घेतला, परीक्षा दिली, उत्तीर्णही झालो. पण बदल झाल्यावर त्याच कागदाचा सुधारित तक्ता भरून पुन्हा सह्या घ्याव्या लागतात, हे काम आज-उद्या करत राहून गेले. परत आल्यावर खिडकीपलीकडच्या क्लार्क मॅडमनी सगळे कागद उलटेपालटे केले आणि “या विषयाची सही कुठाय?” एवढेच विचारले. त्यांच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते, पण इथला तो पेपर मला पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांबरोबर द्यावा लागला.

गुणांची तऱ्हाही समजून घ्यावी. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. “मला एक पॉइंट तीन मिळाले” हे मी फोनवर आनंदाने सांगितले, तेव्हा आई क्षणभर गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, “असू दे, पुढच्या वेळी बघ.” घरच्यांचे ठीक आहे, पण या गुणांचे आपल्या श्रेणीत रूपांतर कोणत्या सूत्राने होणार, हे जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

पासपोर्टसाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. कोल्हापुरातच पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पोलिस पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून निवडीची वाट न पाहता अर्ज करावा. व्हिसाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, त्यामुळे पूर्ण सत्रासाठी त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. जर्मनीसाठी 2025 साली महिना 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो या हिशेबाने पैशांची तजवीज दाखवावी लागत होती. पुरेशी शिष्यवृत्ती असल्यास तिचे पत्र चालते. व्हिसाच्या अर्जासाठी मुंबईची वेळ मिळाली, तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची पडते.

विम्यावर काटकसर करू नये. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 1870 साली फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीकाठच्या उद्यानात आजही त्यांचे स्मारक आहे. इटलीला जाणाऱ्याने ते जरूर पाहावे.

सामानाबाबत कोल्हापूरकरांना थोडे कठोर सांगावे लागेल. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खव्याचे पेढे नाहीत, सुक्या मटणाचा डबा तर नाहीच. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवावा. आपण जिला नुसती ‘चटणी’ म्हणतो तो कांदा-लसूण मसाला आणि गूळ मात्र खुशाल न्यावेत. चटणी दुहेरी पिशवीत बांधावी, नाहीतर स्वेटरला महिनाभर वास येतो.

जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. घरच्यांना ते आधी सांगून ठेवावे.

तिथून परत निघण्यापूर्वी आणखी एक काम उरकावे. तिथली ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, निकाल लागून तयार व्हायला काही आठवडे लागू शकतात, आणि विद्यापीठाचे खाते पुढे कधीतरी बंद होते. म्हणून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासिकांची संख्या आणि सह्या झालेले सगळे तक्ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावेत, ट्रान्स्क्रिप्ट कोणाच्या पत्त्यावर पाठवणार हे तिथल्या आंतरराष्ट्रीय विभागात विचारून घ्यावे, आणि ती हाती पडताच परीक्षा विभागात अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.