मंगलाष्टकं आणि ओठ जुळवताना

आत्याने अमेरिकेहून पाठवलेली दादाच्या लग्नाची टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीची, होती. आमच्या इंदूरला, रामबागेतल्या घरी आजीचा जुना डीव्हीडी प्लेअर फक्त पाल, म्हणजे भारतात चालणारी पद्धत, वाजवतो. पहिल्या रूपांतरात तासाभराने भटजींचा आवाज ओठांच्या साडेतीन सेकंद मागे!

दोन रात्री मी आवाजच सरकवत बसलो. चूक चित्रात होती. एनटीएससीचा खरा वेग सेकंदाला 29.97 फ्रेम (एकेक स्थिर चित्र), मी 30 धरला होता. तासाला 3.6 सेकंदांचा फरक तिथूनच.

मग टेपवरून घेतलेल्या मूळ फाइलवर 29.97 ठेवून एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं जोडून पूर्ण करणं), मग पालचा आकार 720 बाय 576, शेवटी पालच्याच सेकंदाला 25 फ्रेम. वेग बदलायचा नाही, जास्तीच्या फ्रेम गाळायच्या. आवाजाला हातही लावला नाही. ‘सावधान’ अगदी ओठांवर आलं. आजीने तेवढंच तीनदा पाहिलं.