इंग्रजी बातमीतील फसवी क्रियापदे कशी वाचावीत

इंदूरच्या मराठी घरांतील जी मुले भंवरकुआँ परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, त्यांना इंग्रजी वृत्तपत्र वाचताना नामांपेक्षा क्रियापदेच अधिक चकवतात, कारण शब्दकोशातला पहिला अर्थ बातमीत पुष्कळदा लागू पडत नाही. म्हणून कर्ता कोण आणि कर्म काय, हे आधी शोधावे व मगच क्रियापदाचा अर्थ लावावा.

महापालिकेने रस्त्यासाठी निधी ‘सँक्शन’ केला, तर तो मंजूर झाला. अमेरिकेने एखाद्या कंपनीला ‘सँक्शन’ केले, तर तिच्यावर निर्बंध लादले गेले. विधेयक ‘टेबल’ करणे म्हणजे भारतीय व ब्रिटिश वापरात ते सभागृहापुढे मांडणे, तर अमेरिकी वापरात त्यावरील चर्चा बाजूला ठेवणे. तेव्हा बातमी कोणत्या देशाच्या सभागृहाची आहे, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

सर्वांत जपून वाचाव्यात त्या न्यायालयीन बातम्या. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एखादा आदेश ‘स्टे’ केला, तर त्याच्या अंमलबजावणीला तूर्त स्थगिती मिळाली. ‘क्वॅश’ केला, तर तो रद्दच झाला. ‘अपहोल्ड’ केला, तर कायम राहिला. आरोपीला ‘डिस्चार्ज’ केले, तर आरोपनिश्चितीपूर्वीच तो आरोपमुक्त झाला. ‘अक्विट’ केले, तर खटला चालून निर्दोष सुटला. परीक्षेत नेमका हाच भेद विचारण्याजोगा आहे आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून तोच निसटतो.

मंत्र्यांनी आरोप ‘डिनाय’ केला, तर तो केवळ नाकारला. ‘रिफ्यूट’ म्हणजे काटेकोर अर्थाने पुराव्यानिशी खोडून काढणे. वार्ताहर मात्र दुसरा शब्द पहिल्याच्या जागी सर्रास वापरतात, त्यामुळे पुरावा खरोखर दिला आहे का, हे मजकुरात तपासावे.

मथळ्यांचे व्याकरण वेगळे असते. तेथील साधा वर्तमानकाळ बहुधा घडून गेलेली घटना सांगतो, ‘मिनिस्टर टू व्हिजिट इंदूर’ म्हणजे मंत्री येणार आहेत, आणि ‘थ्री हेल्ड’मध्ये सहायक क्रियापद गाळलेले असते, म्हणजे तिघांना पकडले आहे, तिघांनी काही पकडलेले नाही. ‘मूट’ म्हणजे प्रस्ताव पुढे आणणे, ‘प्रोब’ म्हणजे चौकशी करणे, ‘रॅप’ म्हणजे खडसावणे. जागा वाचवणारे हे आखूड शब्द चार दिवसांत अंगवळणी पडतात. तरीही शंका उरली, तर बातमीचा पहिला परिच्छेद वाचावा, कारण मथळ्यात गाळलेले कर्ता, काळ आणि सहायक क्रियापद तेथे सहसा पूर्ण वाक्यात सापडतात.