दुर्लक्षित चित्रपटावर लिहायचं कसं?

एखादा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पडला, समीक्षकांनी झिडकारला किंवा कुणाच्या नजरेतच आला नाही. बऱ्याच वर्षांनी तो तुमच्यासमोर आला आणि इतका आवडला की चार लोकांना सांगितल्याशिवाय चैन पडेना. मात्र लिहायला बसलं की बहुतेकांच्या हातून एकच वाक्य उतरतं: ‘हा चित्रपट पाहायलाच हवा.’ का पाहायला हवा, ते वाचकाला कळत नाही. दुर्लक्ष होणं हा काही गुण नव्हे. विस्मरणात गेलेले पुष्कळ चित्रपट खरोखरच सामान्य असतात. आपल्या हाती लागलेल्या चित्रपटात नेमकं काय आहे, ते वाचकाच्या डोळ्यांपुढे उभं करता आलं पाहिजे. कल्ट चित्रपट (मोजक्या पण कट्टर चाहत्यांनी जपलेला) असो, भयपट असो की गुन्हेगारीपट, पुढच्या क्रमाने गेलात तर ते जमतं.

१. आपण कोणती आवृत्ती पाहिली ते तपासा

‘ब्लेड रनर’ हा विज्ञानपट १९८२ साली आला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट सुखाचा होता. १९९२च्या आवृत्तीतून दोन्ही काढली गेली. २००७ मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी आणखी एक, अंतिम आवृत्ती आणली. म्हणजे ‘शेवट उगाच गोड केला आहे’ ही तक्रार आणि ‘शेवट अनुत्तरित ठेवला आहे’ हे कौतुक, दोन्ही याच चित्रपटाबद्दल खरी असू शकतात. कमी गाजलेल्या चित्रपटांना तर वितरकांची कात्री, सेन्सॉरची कात्री, परभाषेतलं डबिंग असं बरंच काही सोसावं लागलेलं असतं. म्हणून पाहिलेल्या प्रतीची लांबी मिनिटांत लिहून ठेवा आणि मूळ लांबीशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर काय गळलं ते शोधा. प्रत अंधारी किंवा धुरकट असेल, तर छायाचित्रणाबद्दल निकाल देऊ नका.

२. दोनदा पाहा

पहिल्यांदा वही लांब ठेवून पाहा. दुसऱ्यांदा वही घ्या आणि जिथे लक्ष खिळलं किंवा मन उडालं, तिथली वेळ टिपा. कारणं नंतर लिहिता येतील.

३. त्या प्रकाराचे नियम मांडा, मग एकच प्रसंग उलगडा

भयपटाला आलेला प्रेक्षक काय अपेक्षेने येतो? धोका दिसेल, तो वाढेल, शेवटी समोर येईल. अशा दोन-तीन अपेक्षा कागदावर लिहा. मग आपला चित्रपट त्या कुठे पाळतो, कुठे मोडतो आणि कुठे ताणून धरतो ते बघा. माझ्या मते प्रकारपटांवरच्या, म्हणजे भयपट, गुन्हेगारीपट अशा ठरावीक साच्यातल्या चित्रपटांवरच्या लिखाणाचा खरा कस इथे लागतो, कारण त्यांची कल्पकता बहुधा नियमांच्या चौकटीतच दडलेली असते.

‘कॅट पीपल’ (१९४२) हे याचं सुंदर उदाहरण. आपण बिबट्या होऊ, या भीतीत जगणाऱ्या बाईची ही गोष्ट. निर्माते व्हॅल ल्यूटन यांना आरकेओ स्टुडिओने अटी घालून दिल्या होत्या: शीर्षक स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत ठेवायचा, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. राक्षस दाखवायला पैसा नव्हता. मग दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी काय केलं? रात्री एक तरुणी उद्यानाच्या भिंतीकडेने चालली आहे. दिव्याखालून उजेडात येते, पुन्हा अंधारात शिरते. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो आहे. मग तो आवाज थांबतो. पाठलाग संपला की पाठलाग करणारी आता टाचांवर चालत नाही, ते कळत नाही. तरुणी घाबरून धावू लागते आणि पडद्याच्या कडेने फिस्सकन एक बस येऊन थांबते. त्या आवाजाने प्रेक्षक दचकतो. आलेली असते फक्त बस.

हे वर्णन पुन्हा वाचा. यात ‘अप्रतिम’ किंवा ‘थरारक’ असा एकही शब्द नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, कोणत्या क्रमाने, एवढंच आहे; तरी दिग्दर्शकाचं कसब कळतं. तुमच्या लेखातही असा एक प्रसंग हवा. तीन प्रसंग उरकण्यापेक्षा एकाला दोनशे शब्द द्या. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कुणाच्या बाजूने आहे, शॉट कधी तुटतो, आवाज कधी बंद होतो, हे प्रश्न विचारत गेलात की वर्णन आपोआप नेमकं होतं.

४. दुर्लक्ष का झालं त्याचं कारण शोधा

‘काळाच्या पुढे होता’ हे वाक्य लिहू नका. त्यामुळे शोध तिथेच थांबतो, आणि कारण तर बहुतेक वेळा अगदी ठोस असतं.

कधी तारीख आड येते. ‘ब्लेड रनर’ आणि जॉन कार्पेंटर यांचा क्रूर परग्रहवासीयाचा भयपट ‘द थिंग’ हे दोन्ही अमेरिकेत २५ जून १९८२ या एकाच दिवशी लागले, आणि त्याआधी दोन आठवडे आलेल्या ‘ई.टी.’ने प्रेमळ परग्रहवासीयाचं वेड लावलं होतं. कधी वितरण आड येतं. बार्बरा लोडेन यांच्या ‘वांडा’ला १९७० साली व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला, तरी अमेरिकेत तो फारच थोड्या ठिकाणी लागला. त्यांनी दिग्दर्शित केलेला तो एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट.

कधी कारण चित्रपटाच्या आतच असतं. ‘पीपिंग टॉम’ला (१९६०) ब्रिटिश समीक्षकांनी इतकं झोडपलं की दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांच्या मायदेशातल्या कारकिर्दीला जबर धक्का बसला. त्यातला खुनी आपल्या बळींचं चित्रीकरण करतो, आणि आपण ते त्याच्याच कॅमेऱ्यातून पाहतो. पाहणाऱ्यालाही सामील करून घेणारा हा चित्रपट काहींना असह्य वाटला, यात नवल नाही. इथे नकाराचं कारण आणि चित्रपटाचं बळ एकच आहे. असं काही सापडलं, तर लेखाचा कणा सापडला असं समजा.

कल्ट म्हणून नाव झालेल्या चित्रपटाबाबत हाच प्रश्न उलटा विचारा: लोकांनी तो धरून का ठेवला? ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं (१९६८) शीर्षक वितरकाने बदललं तेव्हा नव्या पाटीवरून स्वामित्वहक्काची ओळ गळली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार त्यामुळे हक्कच गेला आणि चित्रपट कुणीही दाखवू लागलं. चित्रपट बळकट होता म्हणून टिकला, पण इतका दूरवर पोहोचला त्यात या चुकीचाही वाटा आहे. दोन्ही गोष्टी लिहा.

५. दंतकथा पारखून घ्या

अशा चित्रपटांभोवती चटकदार कहाण्या जमतात. ‘डीटूर’ (१९४५) सहा दिवसांत चित्रित झाला, असं दिग्दर्शक एडगर उल्मर स्वतःच सांगत. अभ्यासकांनी स्टुडिओची कागदपत्रं पाहिली तेव्हा चित्रीकरण त्याहून बरेच दिवस चाललं होतं असं दिसलं. खुद्द दिग्दर्शकाचा शब्दसुद्धा तपासावा लागतो. तपासता आला नाही, तर ‘असं ते सांगत’ इतकंच लिहा.

६. उणिवा लपवू नका

लंगडे संवाद, कच्चा अभिनय, आज खटकणारं बाईचं किंवा परक्या माणसाचं चित्रण, जे असेल ते स्पष्ट लिहा. प्रेमापोटी झाकलेली उणीव वाचकाला चित्रपट पाहताना दिसतेच, आणि मग तुमच्या कौतुकावरचाही त्याचा विश्वास उडतो. मात्र बेताचा पैसा आणि बेताची कल्पना यांत फरक करा. कागदी वाटणारी भिंत माफ करता येते. त्या भिंतीसमोर काहीच घडत नसेल, तर ते माफ करू नये.

७. आता लिहा

सुरुवात त्या उलगडलेल्या प्रसंगाने करा. कथानक तीन-चार वाक्यांत आटपा, शेवट फोडायचा असेल तर आधी सांगा. मग प्रकार, मग दुर्लक्षाचं कारण, मग उणिवा. पहिला खर्डा झाला की सगळी विशेषणं अधोरेखित करा. ज्या विशेषणाच्या आजूबाजूला पुरावा नाही, तिथे पुरावा द्या, नाहीतर ते खोडा. दिग्दर्शकासोबत छायाचित्रकार, संकलक आणि ध्वनीचं काम पाहणाऱ्यांची नावंही द्या. छोट्या चित्रपटांत ती सर्वांत आधी विसरली जातात. शेवटी कोणती आवृत्ती, किती मिनिटांची, कोणत्या भाषेत आणि कुठे पाहता येईल ते लिहा.